लांबून येणारा गोळा

सहावीचा वर्ग सहलीसाठी विज्ञान संग्रहालयात गेला होता. मुलांना आणि मुलांबरोबरच्या बाईंना काटेकाका पहिल्यांदा दिसले ते कमरेपासून खाली. वरचा भाग एका मोठ्या लाकडी खोक्याखाली गेलेला आणि पाय तेवढे बाहेर. पायांत राखाडी मोजे. बूट काढून शेजारी जोडीनं ठेवलेले, जणू खोक्याखाली जाणं म्हणजे कोणाच्या घरात जाणं. त्या संग्रहालयात जिकडेतिकडे 'ओढा', 'दाबा', 'फिरवा' अशा पाट्या आहेत. मुलं तासभर नुसती ओढत, दाबत आणि फिरवत सुटली होती. एका मुलीनं त्या पायांकडे पाहिलं, जवळपास पाटी शोधली, ती सापडेना, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, हे कशानं चालतं?"

"हे चालत नाही," खोक्याखालून आवाज आला. "हे झोपून काम करतं."

वर्गाला हसू आवरेना. पाय मागे सरकले आणि पायांमागून उरलेला माणूस बाहेर आला. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी त्या मुलीच्या तळहातावर चार स्क्रू ठेवले, "एवढे सांभाळ, मोजून परत घेणार आहे," असं बजावलं आणि पुन्हा खोक्याखाली गेले. वर्ग पुढच्या दालनात गेला तरी ती मुलगी जागची हलली नाही. बाईंना तिला न्यायला परत यावं लागलं, तेव्हा काका खरोखरच मोजत होते. "चार. बरोबर. माझ्याकडे कामाला ये."

काटेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. संग्रहालयात येण्याआधी एकतीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. आधी वडिलांच्या हाताखाली, मग एकट्यानं. वाण्याचा, सोनाराचा, औषधवाल्याचा, लाकडाच्या वखारीचा, कुठलाही काटा त्यांच्या पुढ्यात आला की ते पारडी रिकामी करायचे, दांडी स्थिर व्हायची वाट पाहायचे आणि मग काटा किती आणि कुठे खोटं बोलतोय ते सांगायचे. एका दुकानदारानं एकदा काटा जरा 'माझ्या बाजूनं' करून मागितला होता. काकांनी पारडी पुन्हा बांधून त्याच्या हातात दिली आणि त्यानंतर त्याचं नावही तोंडातून काढलं नाही. घरात त्याचा उल्लेख 'तो पारडीवाला' एवढाच व्हायचा.

पुढे आकडे उजळणारे काटे आले. ते बिघडले तर कोणी दुरुस्त करत नाही, फेकून नवे आणतात. आधी दिवसाला चार गिऱ्हाइकं यायची, मग आठवड्याला चार, मग नुसते गप्पा मारायला येणारे उरले. तेवढ्यात संग्रहालयाला दुरुस्तीसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. संचालकबाईंनी मुलाखतीत विचारलं, "विज्ञान किती येतं?"

"विज्ञान नाही येत, मॅडम. बिघाड ओळखता येतो."

बाईंनी त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार.

काम पसंत पडण्यासारखंच होतं. शेकडो हात रोज ज्या वस्तू ओढतात, त्या मोडणारच. आधीचा दुरुस्तीवाला प्रत्येक वस्तू जाडजूड आणि भक्कम करायला बघायचा आणि मुलं ती नेमानं मोडायची. काकांनी उलट केलं. प्रत्येक दांडीत त्यांनी लाकडाची एक बारीक खुंटी बसवली. जास्त जोर लागला की खुंटी तुटायची आणि दांडी वाचायची. "पोरांना काहीतरी मोडायला लागतंच," ते म्हणत. "आपण काय मोडायचं ते ठरवून द्यावं." खुंट्यांचा डबा त्यांच्या टेबलावर असे आणि मोडलेल्या खुंट्या गोळा करून आणायचं काम मार्गदर्शक मुलामुलींकडे.

त्यातली सगळ्यांत लहान मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, ती मोडलेलं सगळं रुमालात बांधून आणायची आणि पुडी सोडताना विचारायची, "ओळखा, कशाचं?" काकांना ते बरोबर ओळखता यायचं. तिचा आवाज घंटेसारखा आणि उंची पाच फुटांच्या आत. गर्दीत ती दिसायची नाही, पण कुठे आहे ते सगळ्यांना ऐकू यायचं.

आता त्या संग्रहालयाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तिथल्या पाट्यांवर प्रश्न असतात, उत्तर कुठेच नसतं. संचालकबाईंचा तसा दंडकच होता. उत्तर लिहिलं की माणसं वाचतात आणि पुढं जातात, असं त्या म्हणत. मार्गदर्शकांनीसुद्धा उत्तर सांगायचं नाही. कोणी अगदी हट्टानं विचारलं तर 'तुम्हाला काय दिसलं?' असा उलटा प्रश्न टाकायचा. दर शनिवारी दुपारी 'अंदाज तास' असे. लोकांनी आधी अंदाज सांगायचा, मग प्रयोग करायचा आणि बहुतेकांनी तोंडात बोटं घालून घरी जायचं.

तिसऱ्या दालनात दोन पन्हळींचा प्रयोग आहे. दोन्ही पन्हळी एकाच उंचीवर सुरू होतात आणि खाली एकाच जागी संपतात. एक सरळ, पट्टीनं आखल्यासारखी उतरते. दुसरी सुरुवातीलाच खोल खाली जाते आणि मग पोट काढून जवळजवळ सपाट धावते, त्यामुळे ती लांबीला चांगली हातभर जास्त आहे. वर दोन पोलादी गोळे, त्यांच्यापुढे दोन छोटी दारं आणि दोन्ही दारं एकदम उघडणारी एक दांडी. खाली दोन घंटा. पाटीवर एवढंच: 'कोणता गोळा आधी पोचेल? दांडी ओढा.'

हा प्रयोग कधी बिघडायचा नाही, त्यामुळे पाच महिन्यांत काकांचं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. न बिघडलेल्या वस्तूकडे बघायची त्यांना सवय नव्हती. एका शुक्रवारी ते शेजारच्या कप्पीत नवी दोरी ओवत असताना कोणीतरी दांडी ओढली आणि लांबच्या पन्हळीतला गोळा आधी घंटेवर आदळला. काकांचे हात थांबले. त्यांनी स्वतः दांडी ओढून पाहिली. पुन्हा तेच. लांबून येणारा आधी, जवळून येणारा मागाहून.

हा तर उघड बिघाड. जवळची वाट आणि लांबची वाट, एकाच वेळी निघाले तर आधी कोण पोचणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग काकांना दारांच्या मागे दोन स्क्रू दिसले, दाराला एक, दार किती लवकर उघडायचं ते ठरवणारा. झालं. लांबच्या गोळ्याचं दार आधी उघडत असणार, केसभर का होईना. संग्रहालय बंद व्हायच्या वेळी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरळ पन्हळीच्या दाराचा स्क्रू थोडा थोडा फिरवत, गोळे सोडत, पुन्हा फिरवत सव्वा आटा, म्हणजे सव्वा फेरा, घेतला. आता सरळ गोळा आधी येऊ लागला, अगदी शोभेल एवढा आधी. त्यांनी दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, 'दार बरोबर केलं.' हात धुतले. काटा शून्यावर आल्यावर वाटायचं तसं समाधान कितीतरी दिवसांनी वाटलं होतं.

शनिवारचा तास ताईकडे होता आणि त्या शनिवारी शेवटच्या रांगेत संग्रहालयाच्या नेमणूक समितीचे तिघे येऊन बसले होते. चार मार्गदर्शकांपैकी दोघांना पुढच्या वर्षी ठेवायचं होतं आणि कोणाला ते सोमवारी ठरणार होतं. हे चौघांनाही माहीत होतं. ताईनं नवा शर्ट घातला होता. काका दाराशी उभे राहिले, कारण पोरगी आपली होती.

तिनं तास झकास रंगवला. पन्हळींपाशी आल्यावर ती म्हणाली, "सरळ गोळा आधी येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." साठेक माणसांतले पन्नासाहून जास्त हात वर झाले. "नक्की? बघा हं, नंतर माझ्यावर रागवायचं नाही." तिनं थोडं थांबून सगळ्यांकडे पाहिलं आणि दांडी ओढली.

सरळ गोळ्याची घंटा आधी वाजली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंदाज बरोबर आला की टाळ्या वाजवायच्या असतात, अशी त्यांची समजूत. ताईनं गोळे परत वर ठेवले. "पुन्हा बघू." पुन्हा तेच. तिनं गोळ्यांची अदलाबदल केली. तरी तेच. मुलीला खांद्यावर घेतलेला एक बाप मोठ्यानं म्हणाला, "ताई, आम्हाला माहीतच होतं हो! यात रागवायचं काय?" हशा झाला. ताईचा घंटेसारखा आवाज एकदम बारीक झाला. "आज... आज असं दिसलं," असं म्हणून ती पुढच्या प्रयोगाकडे वळली, पण तासातली हवा गेली होती. मागच्या रांगेतल्या तिघांपैकी एकानं काहीतरी लिहून घेतलं.

काकांना यातलं काहीच खटकलं नाही. प्रयोग अखेर नीट चालला, लोक खूश झाले, पोरीला मात्र काय झालं कळेना. तास संपल्यावर ती त्यांच्या शेजारून गेली, पण थांबली नाही. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, "गेलं तिचं. सकाळी प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघायचा आणि मग कागदावर सही करायची असते ना? हिनं गोळे न सोडताच सही ठोकली. समितीसमोर तोंडघशी पडली."

"पण चुकलं काय तिचं?"

"म्हणे लांबचा गोळा आधी यायला हवा होता."

"असं कसं येईल?" काका म्हणाले. "म्हणजे इतके दिवस पोरगी उलटंच शिकवत होती?"

"मला काय विचारता? मी तिकिटं फाडते."

रविवारी काकांना सुट्टी असे. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, आधी थोडं हळहळत आणि मग जरा फुशारकीनं. काकू बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होत्या, नोकरीची अजून दोन वर्षं बाकी होती, आणि रविवारी दुपारी त्यांना फक्त पाठ टेकायची असायची.

"तुम्ही बघितलंत का करून?"

"बघायचं काय त्यात? अंतर ते अंतर."

"तिथल्या शिकलेल्या माणसांना नाही कळलं आणि तुम्हाला कळलं?"

हे लागलं. काका उठले. वायरी झाकायची प्लास्टिकची पट्टी घरात पडून होती, तिचे दोन तुकडे केले. एक सरळ ठेवला. दुसरा डब्यांच्या आणि पुस्तकांच्या आधारानं पोट काढून वाकवला. खाली एक ताट ठेवलं. जुन्या पेटीतून दोन पोलादी गोळ्या काढल्या. वर फूटपट्टी आडवी धरली, म्हणजे दार एकच, स्क्रू नाही, खोटेपणाला जागा नाही. पट्टी उचलली.

टक. टक.

लांबची आधी.

त्यांनी गोळ्या बदलल्या. पट्ट्या बदलल्या. "तू धर," म्हणून फूटपट्टी काकूंच्या हातात दिली. सुतळीनं दोन्ही टोकांची उंची पुन्हा मोजली. दहा वेळा, पंधरा वेळा. दर वेळी लांबून येणारी आधी.

"आता काय," काकू म्हणाल्या, "ताटालाही स्क्रू आहे का?"

काकांनी ताटातल्या गोळ्या उचलून पाहिल्या. मग म्हणाले, "असं होतंच कसं?"

"ती सुरुवातीलाच जोर धरून घेते ना. मग पुढचं सपाट तसंच सरकतं." काकू पुन्हा आडव्या झाल्या. "मी सायकलनं कामावर जायचे तेव्हा पाण्याच्या टाकीकडून जायचे, आठवतं? लांब पडायचं. पण वळलं की लगेच मोठा उतार, तो उतरलं की कारखान्याच्या दारापर्यंत पाय हलवावा लागायचा नाही. सरळ रस्त्यानं जाणाऱ्या बाया माझ्या मागून यायच्या."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, अंतर ते अंतर."

काका गोळ्या हातात खेळवत बसले. मग जे मनात यायला नको होतं तेच येऊ लागलं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सकाळी एकटं जायचं, सव्वा आटा उलटा फिरवायचा, पुढच्या शनिवारी लांबचा गोळा पुन्हा आधी येणार. त्या एका दिवशी काय झालं कोणास ठाऊक, असं लोक म्हणतील. वहीत तर 'दार बरोबर केलं' एवढंच आहे. आणखी बारा दिवसांनी सहा महिने पुरे होत होते, कायम झाल्याचं पत्र यायचं होतं. पंचावन्नाव्या वर्षी काटेवाल्याला दुसरीकडे कोण घेणार? ताई तरुण आहे, शिकलेली आहे, तिला कुठेही मिळेल.

आणि मग त्यांना तो पारडीवाला आठवला. त्यानं निदान आपल्या फायद्यासाठी मागितलं होतं. इथे आपण चांगला, खरा काटा हातात घेतला, आपल्या मनासारखं बोलेपर्यंत पिळला आणि वर हात धुतले.

"मी सांगितलं तर मला काढतील," ते म्हणाले.

काकूंना झोप लागली असं वाटत होतं, पण नव्हती. "माझी दोन वर्षं आहेत अजून," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "त्या मुलीच्या घरी कोण कमावतं, माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नव्हतं.

सोमवारी संचालकबाईंच्या खोलीत काका उभे राहूनच बोलले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाईंना आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी ताईला बोलावून घेतलं आणि तिघं तिसऱ्या दालनात गेली. काकांनी सकाळपासून त्या स्क्रूला बोट लावलं नव्हतं. "आधी आहे तसं बघा," ते म्हणाले. बाईंनी दांडी ओढली, सरळ गोळा आधी आला. मग काकांनी त्यांच्यासमोर सव्वा आटा उलटा फिरवला. बाईंनी पुन्हा दांडी ओढली. लांबचा गोळा आधी आला आणि रिकाम्या दालनात त्याची घंटा कितीतरी वेळ वाजत राहिली.

ताईचे कान लाल झाले होते. "काका, मी पाच महिने तुम्हाला मोडकं सामान रुमालात बांधून आणून दिलं. एकदा, एकदा मला विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस?"

"म्हणजे काय!"

"मला म्हणाली असतीस, काका, तुम्हाला काय दिसलं?"

संचालकबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, पण त्यांचे खांदे हलले. मग त्या वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा संचालकांचा झाला होता. "हे हसण्यावारी न्यायचं नाही. दुरुस्तीनंतर मार्गदर्शकासमोर प्रयोग चालवून दाखवायला हवा होता, तो दाखवला नाही. आणि प्रयोग न करता सही झाली. दोन्ही मी समितीला सांगणार आहे."

"माझी सही खोटी होती," ताई म्हणाली. हे ती काकांकडे न बघता म्हणाली, पण म्हणाली.

"आणि वहीत नीट लिहा," बाई काकांना म्हणाल्या. काकांनी आधीच्या ओळीखाली लिहिलं: 'शुक्रवारी दार चुकीचं केलं होतं. प्रयोग बरोबर होता, मी चुकलो होतो. सव्वा आटा परत फिरवला.' खाली पूर्ण सही केली. ती वही आजही दुरुस्तीच्या खोलीत आहे आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते पान दाखवतात.

समितीनं त्या दुपारी बराच खल केला म्हणतात. ताईला ठेवलं, पण खोट्या सहीबद्दल लेखी समज दिली. काकांना काढलं नाही आणि कायमही केलं नाही. आणखी सहा महिने बोलीवर. शिवाय नियम झाला की दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू दुरुस्तीवाल्यानं आणि मार्गदर्शकानं मिळून चालवायची आणि दोघांनी सही करायची. म्हणजे ज्या दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, त्यांनाच रोज सकाळी अर्धा तास बरोबर उभं राहावं लागणार.

ताईचा राग तीन आठवडे टिकला. मोडक्या खुंट्या आता रुमालात यायच्या नाहीत, वर्तमानपत्राच्या कपट्यावर टेबलाच्या कोपऱ्यात येऊन पडायच्या. रोज सकाळी ती दांड्या ओढायची, काका बघायचे, दोघं सही करायचे, कोणी बोलायचं नाही. काकांनीही मनधरणी केली नाही. एवढंच केलं की तिच्यासाठी दुपायरी लाकडी पाट बनवून तिसऱ्या दालनात ठेवला, म्हणजे तासाला उभी राहिली की मागच्या रांगेलाही ती दिसेल. ती त्यावर आठ दिवस चढली नाही. नवव्या दिवशी चढली आणि वरून म्हणाली, "हलतोय हा."

"कुठे हलतोय?"

"डावीकडे. या, बघा."

काकांनी वाकून पाहिलं. पाट हलत नव्हता. तरी त्यांनी खाली कागदाची घडी सरकवली आणि म्हणाले, "आता?"

"आता बरा आहे. काका, त्या दिवशी टाळ्या पडल्या ना, तेव्हा मलाही वाटलं, मीच उलटं शिकवत असेन. दोन मिनिटं खरंच वाटलं."

"मला तर पंचावन्न वर्षं वाटत होतं," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी तिनंच सुचवलं की अंदाज तासाला दांडी दुरुस्तीवाल्यानं ओढावी, म्हणजे बिघाड झाला तर माणूस जागेवर हवा. संचालकबाईंनी एक अट घातली: दांडी ओढणाऱ्यानं लोकांबरोबर आपलाही अंदाज मोठ्यानं सांगायचा. नव्या प्रयोगांच्या वेळी काकांचा अंदाज अजूनही निम्म्याहून जास्त वेळा चुकतो आणि लोकांना तो भाग सगळ्यांत जास्त आवडतो.

दुसऱ्या सहा महिन्यांच्या शेवटी त्यांना कायम झाल्याचं पत्र मिळालं. रविवारी गर्दी आणि सोमवारी बंद दालनांत दुरुस्तीची कामं असल्यामुळे आता त्यांची सुट्टी रविवारऐवजी मंगळवारी असते.